सहाणेवर झालेला ठराव

माझ्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, आमच्या गावात मुलांसाठी एक सेंटर आहे. शाळा सुटल्यावर तिथे बसता येतं, कुणाशी बोलावंसं वाटलं तर बोलता येतं. मी तिथे मदतीला जाते. महाडला असं काही आहे का?" मी "आहे की," म्हटलं आणि लगेच धाकट्याच्या खोकल्याची चौकशी करायला लागले. तिने पुन्हा विचारलं नाही. शहाणी आहे.

उत्तर खोटं नव्हतं. असं एक ठिकाण आम्ही चालवतो. पण त्या ठिकाणाचं नाव निघालं की मला एका मुलीची आठवण होते, आणि फोनवर ते अर्धवट ऐकून तुम्ही उगीच घाबरला असता. म्हणून लिहिते आहे. आयुष्यभर मी इंग्रजी शिकवलं, तुम्हाला इंग्रजीत लिहिणं सोपं होतं. पण यातली माणसं मला त्यांच्याच बोलीत ऐकू येतात. अडलं तर आईला विचारा.

आधी ठिकाण सांगते, मग मुलगी.

पोलादपूरच्या डोंगरांतली, आंबेनळीच्या पायथ्याची, वरंधच्या वाटेवरची मुलं अकरावी-बारावीसाठी महाडला येतात. सकाळी एक एसटी त्यांना खाली आणते आणि संध्याकाळी एक वर नेते. कॉलेज मात्र दुपारी बारालाच सुटतं. मधली दुपार जायची कुठे? मुलगे नदीकाठी, टपरीवर, कुणाच्या तरी मोटारसायकलवर. मुली एसटी स्टँडच्या बाकांवर, दप्तर मांडीवर घेऊन. स्टँडवर बसलेली मुलगी कुणाशी बोलली, का हसली, ही बातमी तिच्याआधी गावात पोचायची. मग एखाद्या सोमवारी तो बाक रिकामा दिसायचा.

सरकारने मुलींसाठी काही केलं नव्हतं असं नाही. पास मोफत होता, शिष्यवृत्त्या होत्या, वसतिगृह होतं, जरी जागा थोड्या होत्या. आयटीआय होती. दुपार तेवढी कुणाच्या लक्षात आली नव्हती.

ती लक्षात आली माझ्या मैत्रिणीच्या. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त आहे. सगळं महाड तिला सिस्टरबाई म्हणतं. दवाखान्यात तिच्याकडे कॉलेजच्या मुली एकच तक्रार घेऊन येत: लघवीला जळजळ, ताप. कारणही एकच. स्टँडवरच्या संडासात जायला नको म्हणून या मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणीच पीत नसत. एक दिवस ती माझ्याकडे आली आणि चप्पलही न काढता म्हणाली, "या पोरींना औषध देऊन मी कंटाळले. त्यांना बसायला जागा आणि एक धड मोरी हवी आहे. तू रिकामीच आहेस ना?"

बाजारपेठेतल्या एका कापडाच्या दुकानाची माडी आम्हाला मिळाली. मालक माझा जुना विद्यार्थी. महाडच्या बाजारात पावसाळ्यात नदी कधी दुकानात येईल सांगता येत नाही, म्हणून बहुतेक दुकानांना माडी असते आणि आषाढ लागला की खालचा माल वर चढतो. उरलेलं वर्ष माडी मोकळी. "पावसात मात्र ताग्यांच्या मधेच बसावं लागेल, बाई," तो म्हणाला. पावसाळ्यात मुली खरोखरच साड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून बसत. एक मोरी होती, तिला आम्ही नवी कडी लावली. पाण्याचा माठ ठेवला. दोन सतरंज्या, एक फळा, एक आरसा. आरसा सिस्टरबाईंचा आग्रह.

दुपारी मुली येत, डबे उघडत, भाकरी खात, तासभर झोपत. पहाटे चारला उठून चूल पेटवून आलेल्या असत त्या. मग कुणी अभ्यास करी, कुणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी भरून देई. इंग्रजीच्या धड्यापेक्षा अर्जच जास्त भरले असतील मी. कुणी कोपऱ्यात सिस्टरबाईंशी हळू बोले. मुलगे जिन्यात बसत, कारण माडीवर त्यांनी यायचं नाही असा मुलींचा नियम होता. त्यांचे अर्ज मी जिन्यातच भरत असे.

ती मुलगी या माडीवर अकरावीत आली. वरंधच्या रस्त्यावरून आत, डोंगरातल्या एका गावची. घरची भातशेती, वर डोंगरउतारावर नाचणीपुरती वरकस जमीन. खाऊनपिऊन सुखी. आई, वडील, आजी, धाकटा भाऊ. उंच, काटक, आणि हसली की खाली दुकानातलं गिऱ्हाईक वर बघे. तिने विज्ञान घेतलं होतं. त्या गावातून विज्ञानाला आलेली ती पहिलीच, मुलग्यांत धरूनसुद्धा.

सिस्टरबाईंनी तिला रक्तदाब मोजायला शिकवलं आणि त्या दिवसापासून माडीवर कुणाची सुटका राहिली नाही. ती यंत्र घेऊन खाली दुकानातसुद्धा जायची.

"शेठ, हात द्या."

"अगं, गिऱ्हाईक आहे समोर."

"गिऱ्हाईकाचा पण बघते. शेठ, तुमचा वाढलाय. लोणचं बंद करा."

"माझ्या बायकोनं पढवून पाठवलीय का गो तुला?"

"नाय. पण तिचा पण वाढलेला असंल, तुमच्याबरोबर राहून."

तिला नर्स व्हायचं होतं. बारावी विज्ञान, मग नर्सिंग. ती हे स्वप्न म्हणून सांगत नसे. उद्या भात झोडायचं आहे असं सांगावं, तसं सांगे. सिस्टरबाई तिच्याकडे बघत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना स्वतःचं मूल नाही.

आता शिमगा. तुम्ही होळी म्हणता त्याला. आमच्याकडच्या गावांत तो वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. ग्रामदेवतेची पालखी निघते, घरोघर जाते, आणि गावातल्या एका दगडी चौथऱ्यावर ठेवतात, त्याला सहाण म्हणतात. मुंबईला गेलेले सगळे त्या दिवसांत परत येतात. मग पालखीसमोर गावकी बसते, म्हणजे घरटी एक पुरुष. वर्षभराचे विषय तिथे निघतात. ठरलं की देवापुढे नारळ फुटतो. नारळ फुटला की ते पुढच्या शिमग्यापर्यंत ठरलं.

त्या वर्षी गावाच्या मुंबई मंडळाने मोठी गोष्ट केली होती. गावात मुलांसाठी अभ्यासिका बांधली होती. फरशी, दोन पंखे, नव्या खुर्च्या. शिवाय डेपोत खेटे घालून दुपारची एक गाडी सुरू करून घेतली होती, कॉलेज सुटल्यावर लगेच गावाकडे निघणारी. उद्‌घाटनाला आम्हा दोघींना मानाने बोलावलं. खुर्च्यांवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. "काढलं की मळतील," एक तरुण म्हणाला. त्यामुळे भाषणं होईपर्यंत आम्ही सगळे करकर आवाज करत बसलो होतो आणि ती मुलगी माझ्यामागे तोंडात ओढणी कोंबून हसत होती.

संध्याकाळी आम्ही तिच्या घराच्या ओटीवर बायकांबरोबर होतो. सहाण समोरच, पण बायका तिथे जात नाहीत. ऐकू मात्र सगळं येतं. मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. तरुणपणी मुंबईला गेलेले, बँकेत शिपाई म्हणून लागून वर चढत गेलेले, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ.

"आपल्या पोरींना दिवसभर महाडात ताटकळायला लागायचं," ते म्हणाले. "कुठं बसायच्या, काय खायच्या. आपल्याला लाज वाटायची. आता गाडी आणली, अभ्यासिका बांधली. आता कॉलेज सुटलं का पोरींनी दुपारच्या गाडीनं सरळ घरी यायचं. महाडात थांबायचं नाय. मंजूर?"

"मंजूर!" अख्खी सहाण म्हणाली. ढोल वाजला. नारळ फुटला.

मुलगी माझ्या शेजारी पुरणपोळ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं.

"बाई, पण प्रॅक्टिकल दुपारचं असतं."

विज्ञानाचे प्रयोग दुपारी असतात. बाकीच्या मुली कला आणि वाणिज्यच्या, त्यांना दुपारची गाडी म्हणजे सोनंच होतं. सहाणेवर बसलेल्या एकाही माणसाच्या घरातून कधी कुणी विज्ञानाला गेलं नव्हतं. तिच्या वडिलांनीही सगळ्यांबरोबर "मंजूर" म्हटलं होतं. ते घरी आले, गुलालाने माखलेले, खुशीत. तिने सांगितल्यावर ते ओटीच्या पायरीवर बसले.

"मला काय ठावं, दुपारच्याला पण शाळा असते?"

"तू इचारायचंस तिला, सहाणंवर जायच्या आधी," तिची आजी आतून म्हणाली.

"आता झालं ना. नारळ फुटला."

निघताना मी तिला म्हटलं, "काही होणार नाही, हे सुटेल." मला खरंच तसं वाटत होतं. एवढी साधी गोष्ट आहे, सगळी माणसं चांगली आहेत, का सुटणार नाही?

तुम्हीसुद्धा विचाराल, की तक्रार का केली नाही, कायदा आहे ना. कुणाविरुद्ध करायची? तिला कुणी अडवलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. बारावी सुरू झाल्यावर मी तिच्या वडिलांना माडीवर बोलावून घेतलं. ते ताग्यांच्या मधे अवघडून बसले. मी म्हटलं, प्रयोगांच्या दिवशी ती थांबेल आणि संध्याकाळच्या गाडीने येईल, मी स्वतः गाडीत बसवून देईन.

"बाई, तुमच्यावर इस्वास हाय. पण गावकीच्या भायेर एकटा कसा जाऊ? उद्या पालखी माझ्या दारात नाय थांबली तर? म्हातारी हाय घरात. खांदा द्यायला माणसं नको?"

"असं कुणी म्हणालं का तुम्हाला?"

"कोण म्हणंल? कोण नाय म्हणत. पण मला दिसतं ना."

माझ्याकडे राहू दे, असंही मी म्हटलं. ते नुसतेच हसले, लहान मुलाला हसावं तसं. दुपारी थांबायचं नाही असं ज्यांनी ठरवलं, ते रात्री राहू देतील?

कॉलेजातल्या एका शिक्षिकेने तोड काढली. वर्ग भरायच्या आधी सकाळी प्रयोगशाळा उघडून त्या तिचे प्रयोग एकटीचे करून घेऊ लागल्या. काही आठवडे ते जमलं. मग पाऊस वाढला. वरंधच्या रस्त्यावर कधी दरड, कधी चिखल. सकाळची गाडी उशिरा यायला लागली, मग काही दिवस आलीच नाही. शिक्षिका किल्ली घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि घंटा झाली की वर्गावर जायच्या. प्रयोगवही मागे पडत गेली.

गणपतीत मुंबईकर येतात म्हणून आम्ही गणपतीची वाट बघितली. दोघी गावात गेलो. अध्यक्षांनी आरती थांबवून आम्हाला पडवीत बसवलं, हातावर मोदक ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"चुकलंच हो आमचं," ते म्हणाले. "माझ्या डोक्यातच आलं नाही. मी स्वतः रात्रशाळेत शिकलो, बाई. मुंबईत गावकीची एक खोली होती. या गावातला पोरगा मुंबईत उतरला की त्या खोलीवर. डोकं टेकायला जागा, खाणावळ, नोकरीची ओळख, सगळं त्या खोलीनं दिलं. मला माझ्या बापानं नाही, गावकीनं उभा केला. आणि माझ्याच हातनं पोरीचं शिक्षण…"

"मग आज सांगा गावाला," सिस्टरबाई म्हणाल्या. "सगळे इथेच आहेत."

"आज कसं सांगू? गणपतीत जो तो आपल्या घरी. गावकी शिमग्यालाच बसते. आणि देवासमोर ठरलेलं मी एकट्यानं माझ्या पडवीत मोडलं, तर उद्या दुसरा कुणी दुसरं काही मोडील. शिमग्याला पहिला विषय हाच. शब्द देतो."

"शिमगा प्रॅक्टिकलची परीक्षा झाल्यावर येतो हो!"

ते खरंच गोंधळले. "परीक्षा जरा पुढे नाही ढकलता येणार?"

"परीक्षा बोर्डाची आहे."

"आणि ठराव देवाचा," ते हात जोडून म्हणाले. त्यात उर्मटपणा नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दारात मुलीची आजी येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "बोर्ड पण मोठा, देव पण मोठा. मधी माझी पोरच तेवढी बारकी."

आत आरती पुन्हा सुरू झाली.

दिवाळीनंतर ती कॉलेजात दिसेनाशी झाली. प्रयोगांची हजेरी नाही तर प्रयोगांच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि त्याशिवाय बारावी विज्ञान पूर्ण होत नाही, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती भांडली नाही, रडली नाही, निदान आमच्यासमोर नाही. नव्या वर्षात आम्हाला कळलं, की औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला लागली आहे. कंपनीची बस मुख्य रस्त्यापर्यंत येते. कामाच्या वेळांबद्दल ठरावात काही नव्हतं. दुपारपाळी असली की ती अंधार पडल्यावर घरी पोचते, ते चालतं. पगाराची मुलगी आणि शिकायची मुलगी यांच्यात गाव असा फरक करतं, असं मी कुणाला म्हणाले नाही. करत असेलही. कदाचित त्यांच्या हे लक्षातही आलं नसेल.

मग शिमगा आला. अध्यक्षांनी शब्द पाळला. पहिला विषय हाच घेतला आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सहाण "मंजूर" म्हणाली. कुणाचा विरोध नव्हताच, कधीही नव्हता. ज्या मुलींना दुपारी शिक्षणाचं काम असेल त्यांनी महाडात थांबावं, माडीवर बसावं. नारळ फुटला. त्यांनी मला सहाणेवरूनच फोन लावला, मागे ढोल वाजत होते. "बाई, झालं!" ते ओरडून सांगत होते. "पोरीला सांगा, पुन्हा नाव घाला!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सकाळची पाळी सुटायच्या वेळेला मुख्य रस्त्यावरच्या नाक्यावर जाऊन उभ्या राहिलो. बसमधून ती उतरली. केस टोपीखाली दाबून चपटे झालेले, बोटांना चिकटपट्टीचा डिंक. सिस्टरबाईंनी तिचा हात धरला आणि एका दमात सगळं सांगितलं: ठराव मोडला, जूनमध्ये परत प्रवेश घेता येईल, शिक्षिकेशी बोलणं झालं आहे, वर्ष गेलं तर गेलं.

तिने नीट ऐकून घेतलं. "बरं झालं," म्हणाली. "शेजारची दहावीला हाय, तिला सायन्स घ्यायचंय. तिला आता घेता येईल."

"आणि तू?"

"मी आता नाय, सिस्टरबाई."

"का? वडील नको म्हणतात?"

"नाय नाय. बाबा तर जा म्हणतात. रोज म्हणतात." तिने बोटावरचा डिंक खरवडला. "ती वही उघडली ना, की मला काय समजतच नाय आता. मी बघितली उघडून. आणि तुम्ही पुन्हा दोघी माझ्यामागे पळणार, त्या प्रॅक्टिकलच्या बाई किल्ली घेऊन दारात उभ्या राहणार. आणि पुन्हा कायतरी होईल. मला ते पुन्हा नको."

"काही होणार नाही आता," मी म्हटलं.

"तुम्ही गेल्या वेळी पण असंच म्हणालात, बाई." ती हे रागाने म्हणाली नाही, हसूनच म्हणाली. मग सिस्टरबाईंचा हात उलटा करून तिने मनगटावर बोटं ठेवली, नाडी बघितली. "धावतेय. उन्हात उभ्या राहू नका," म्हणाली आणि गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये चढली.

त्यानंतरही आम्ही प्रयत्न केले. बाहेरून परीक्षा, नर्सिंगऐवजी दवाखान्यातला एखादा छोटा कोर्स, सगळं सुचवून झालं. ती ऐकते, मान डोलावते, येत नाही. कंपनीत तिचं नाव चांगलं आहे. गेल्या वर्षी तिने घरासाठी फ्रिज घेतला. आता तिच्या लग्नाचं बघताहेत. सिस्टरबाई माडीवर येतात, मुलींशी बोलतात, काम सगळं करतात, पण रक्तदाबाचं यंत्र त्यांनी आता कुणाच्या हातात दिलेलं नाही. मीही त्यांना ते सुचवलेलं नाही.

अध्यक्ष मला शिमग्याला आणि गणपतीत फोन करतात. तिचं काय चाललंय ते विचारतात. मी सांगते.

थोरले, तू विचारलंस त्याचं उत्तर असं आहे. कापडाच्या दुकानाच्या माडीवर ती खोली आहे. दुपारी उघडते. त्या मुलीच्या गावच्याही मुली तिथे डबा खातात, आणि त्यांतली एक, तिच्या शेजारची, प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळच्या गाडीने घरी जाते.